न सांगितलेलं पाऊल

“माझ्याकडे कुणाचंही मूल पहिल्यांदा चाललेलं नाही,” असं विभावरी गुप्ते एका हळदीकुंकवाला म्हणाली होती, आणि जमलेल्या बायका हसल्या होत्या.

का हसायचं ते सगळ्यांना ठाऊक होतं. शारजात, रोला चौकाच्या मागच्या गल्लीतल्या एका इमारतीत, चौथ्या मजल्यावर ती नोकरीवाल्या बायकांची तान्ही मुलं सांभाळायची. आया सकाळी दुबईच्या रस्त्याला लागायच्या आणि संध्याकाळी त्याच रस्त्यावरच्या गर्दीत अडकून, चेहऱ्यावरचा रंग उतरवून परत यायच्या. मधल्या वेळात मूल पालथं पडायचं, बसायचं, दात काढायचं, रांगायचं, उभं राहायचं. मूल काही आईच्या सुट्टीची वाट बघत थांबत नाही. तेव्हा हे सगळं पहिल्यांदा विभावरीच्याच घरात, तिच्याच निळ्या चटईवर घडत असणार हे उघड होतं. पण तिनं तसं कधी कुणाला सांगितलं नाही.

ती फक्त सुचवायची. शेजारच्या फ्लॅटमधली जैनब रत्नागिरीची, दवाखान्यात नर्स होती. तिच्या मुलीला पहिला दात आला त्या संध्याकाळी विभावरीनं मुलीला तिच्या हातात देताना एवढंच म्हटलं, “आज हिला स्टीलच्या चमच्यानं पाणी पाज हं. बाटलीनं नको.”

थोड्या वेळानं दारावर धडाधडा थापा. जैनब चमचा हातात घेऊनच आली होती.

“काकू! टणकन वाजला! दात आला हो!”

“काय सांगतेस!” विभावरीनं गालावर हात ठेवला. तिचा चेहरा इतका खरा आश्चर्याचा असायचा, की जैनबला तिची लबाडी कळूनही डोळ्यांत पाणी आलं.

“माझ्याकडे नुसती तालीम,” विभावरी म्हणायची. “पहिला प्रयोग आपापल्या घरी करायचा.”

हा नियम तिनं उगाच केलेला नव्हता. बऱ्याच वर्षांपूर्वी ती स्वतः बर दुबईतल्या एका ऑफिसात टायपिस्ट होती, आणि तिची मुलगी पर्णिका अशीच कुणाकडे तरी असायची. एका संध्याकाळी ती जिना चढत असताना ती बाई वरूनच ओरडली होती, “अगं, तुझी पोरगी चालली की आज! आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.” विभावरी जिन्यात उभी राहून हसली होती. वर जाऊन तिनं पर्णिकाला उभं केलं, पर्णिका चालली, आणि ते दुसऱ्यांदा होतं. टाळ्या आधीच वाजून गेल्या होत्या. नवरा प्रकाश बांधकाम कंपनीत ड्राफ्ट्समन. त्याला ती रडली ते कशासाठी हे नीटसं समजलं नाही. पुढे तिनं नोकरी सोडली आणि दुसऱ्यांची मुलं घरात घेतली. त्या इमारतीत काकू म्हणजे तीच, आणि त्या शब्दाची लोकांना खात्री वाटायची.

सत्त्याण्णव सालच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी दुसऱ्या मजल्यावरची सुहासिनी तिच्याकडे तन्मयला घेऊन आली. बाळंतपणाची रजा संपली होती, आणि तन्मयनं मान अजून पुरती धरलेली नव्हती. सुहासिनी दुबईच्या देरा भागात एका शिपिंग कंपनीत होती. तिचा नवरा राजन दूर अबुधाबीपलीकडे रुवैसच्या रिफायनरीत होता, तिथल्याच क्वार्टरमध्ये राहायचा. तिकडे सुट्टी शुक्रवारची, म्हणून गुरुवारी संध्याकाळी शारजात यायचा, शुक्रवारी संध्याकाळी परत निघायचा. सुहासिनी पहिल्या दिवशी दारातून हलेना.

“काकू, तो झोपताना कान धरतो. स्वतःचाच. धरू द्या हां.”

“धरू देते.”

“आणि वॉशिंग मशीनच्या आवाजाला घाबरतो.”

“बरं. जा तू आता. तुझी गाडी सुटेल.”

ती गेल्यावर विभावरीनं मूल मांडीवर घेतलं. त्यानं एक हात स्वतःच्या कानाला लावला. दुसरा हात थोडा वेळ हवेत फिरला आणि मग त्यानं तिचा कान धरला.

एवढंच झालं. माणूस कशानं बांधलं जाईल, ते सांगता येत नाही.

त्यानंतरचं वर्ष त्या निळ्या चटईवर गेलं. बाहेर ऑगस्टची वाफ काचेला चिकटलेली असायची आणि आत खिडकीतला एसी घरघरत असायचा. तन्मयनं मान धरली. एका दुपारी तो पालथा पडला आणि आपण हे काय केलं म्हणून रागानं रडला. वॉशिंग मशीनला घाबरायचं सोडून त्याच्यासमोर बसून फिरणाऱ्या कपड्यांना हसायला लागला. पुढे दात, मग रांगणं, मग टीपॉयला धरून उभं राहणं. आणि दर वेळी विभावरीनं सुचवलं. फक्त तन्मयच्या बाबतीत ती थोडं थांबायची. बाकीच्या मुलांचं त्याच संध्याकाळी. तन्मयचं मात्र गुरुवारपर्यंत राखून, कारण गुरुवारी राजन यायचा. “आज जरा त्याला गादीवर पालथं ठेवून बघा बरं, दोघं मिळून,” असं ती म्हणायची. शुक्रवारी सकाळी राजन जिना चढून वर यायचा, दाढी वाढलेली, डोळे चमकत.

“काकू, पालथा पडला! माझ्यासमोर! रुवैसला राहून सगळं हुकणार असं वाटलं होतं मला. लक आहे माझं.”

“लकच म्हणायचं,” विभावरी म्हणायची.

राजनच्या आईचं, नर्मदाबाईंचं, नाशिकला घर होतं. त्यांच्याकडे पहिल्या पावलाची एक रीत होती: मूल पहिलं पाऊल टाकतं त्याच दिवशी त्याच्या पायाला ओलं कुंकू लावून पांढऱ्या रुमालावर ठसा घ्यायचा आणि तो रुमाल देवाजवळ ठेवायचा. राजनच्या पावलाचा रुमाल अजून तिथे होता, कुंकू तपकिरी झालेलं. तन्मयसाठी त्यांनी कोरा रुमाल येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर पाठवून दिला होता. सुहासिनीनं तो विभावरीला दाखवला, आणि दाखवताना हसत म्हणाली, “तुम्ही सुचवलंत की कुंकू भिजवून ठेवीन.”

डिसेंबरात, एका शनिवारी, तन्मय टीपॉय सोडून चालला.

विभावरी स्वयंपाकघराच्या दाराशी मेथी निवडत बसली होती. त्यानं आधी पायांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. तिनं हात पुढे केले आणि सहज तोंडातून तिथलं अरबी निघालं, “यल्ला, यल्ला. चल, ये.” तो आला. मेथीवर पडला. दोघं हसली. मग तिच्या लक्षात आलं, की आज शनिवार आहे. गुरुवारपर्यंत हे सांभाळायला हवं.

सोमवारी सुहासिनी त्याला न्यायला आली ती खुशीत होती.

“काकू, आमच्या ऑफिससमोर एक नर्सरी उघडलीय. इंग्लिश बाई चालवते. चालणारी मुलंच घेतात, एवढीच कंडिशन. हा चालायला लागला की तिकडे टाकीन म्हणते. लंच अवरला जाऊन बघता तरी येईल मला.”

“हो, बरंच होईल की,” विभावरी म्हणाली.

तिला हे मनापासून वाटलं. निदान तसं वाटायला हवं, एवढं तिला कळत होतं.

गुरुवार आला. राजन संध्याकाळी येणार होता. सुहासिनी अर्ध्या दिवसानं सुटून दुपारीच तन्मयला न्यायला आली आणि नेहमीसारखी क्षणभर दारात रेंगाळली. काकू काही सुचवतात का, याची ती वाट बघत होती. विभावरीनं दुपट्याची घडी तिच्या हातात दिली. म्हणाली, “थोडी सर्दी आहे. वाफ दे.”

पुढच्या गुरुवारी सांगू, असं तिनं मनात म्हटलं. पुढच्या गुरुवारीही तसंच म्हटलं.

मग रमजान लागला आणि ऑफिसं लवकर सुटायला लागली. एका दुपारी विभावरी पलंगाला टेकून बसली होती आणि तन्मय खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, हातात एक मोजा घेऊन, एखाद्या कामाला निघाल्यासारखा चालत होता. बेल वाजली. विभावरी उठली ती धावतच. दार उघडलं तेव्हा तो तिच्या कडेवर होता आणि तिला धाप लागली होती.

“काय झालं काकू?” सुहासिनी म्हणाली.

“काही नाही गं. रांगत रांगत पार स्वयंपाकघरात पोचला होता.”

सुहासिनी त्याला घेऊन गेली. टेबलाशी पर्णिका गणितं करत होती. चौदा वर्षांची होती. तिनं पेन्सिल खाली ठेवली.

“आई, व्हाय डिड यू लाय?”

“खोटं काय त्यात? राजनकाका आले की सांगायचं आहे. ठाऊक आहे ना तुला, आपलं कसं असतं ते.”

“अंकल केम लास्ट थर्सडे. अँड द थर्सडे बिफोर.”

“तू गणितं कर.”

पर्णिकानं पेन्सिल उचलली. विभावरी स्वयंपाकघरात गेली, नळ सोडला आणि कारण नसताना धुतलेली भांडी पुन्हा धुतली. आपल्या मुलीनं आपल्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं. रागानं पाहिलं असतं तरी चाललं असतं. पर्णिकानं नुसतं लक्षात ठेवल्यासारखं पाहिलं होतं.

घरी तन्मय चालत नव्हता. सुहासिनी त्याला हॉलच्या गुळगुळीत फरशीवर उभं करायची, समोर बसून टाळ्या वाजवायची. तो मटकन बसायचा आणि रांगत टीव्हीकडे जायचा. तिच्या टाळ्यांत आता घाई होती, आणि मुलाला घाई कळते. एका संध्याकाळी ती म्हणाली, “काकू, वॉकर आणू का? सुपरमार्केटात बघितला. ऐंशी दिरहॅम, म्हणजे आठशेच्या वर गेले रुपये. पण उपयोग होत असेल तर…”

विभावरीनं आजवर एकाही आईला वॉकर घेऊ दिला नव्हता. चाकांवर बसून मूल सरकायला शिकतं आणि चालायचं विसरतं, असं ती ठामपणे सांगायची. जैनबनं हौसेनं आणलेला वॉकर तिनं दुकानात परत करायला लावला होता.

“आण की,” ती म्हणाली. “पायांना जोर येईल.”

हे वाक्य तिच्या तोंडून इतकं सहज आलं, की तिलाच आपल्या आवाजाची भीती वाटली. आतापर्यंत तिनं काही केलेलं नव्हतं, फक्त काही सांगितलं नव्हतं. आता तिनं केलं होतं. आतल्या खोलीत पर्णिकाचा रेडिओ बंद झाल्याचं तिला ऐकू आलं.

रात्रीचं जेवण झाल्यावर पर्णिका ताट उचलता उचलता म्हणाली, “यू मेड जैनब आंटी रिटर्न हर्स.”

प्रकाशनं मान वर केली. “काय परत केलं?”

“नथिंग, बाबा. आस्क आई.”

त्यानं विचारलं नाही. तो असा माणूस होता, की ज्या प्रश्नाचं उत्तर ऐकून आपल्याला काही करावं लागेल, तो प्रश्न तो दुसऱ्या दिवसावर टाकायचा.

संक्रांतीनंतरच्या शुक्रवारी तन्मयचं बोरन्हाण झालं. काळं झबलं, ठाण्याहून कुणी तरी आणलेले हलव्याचे दागिने. बोरं मिळाली नव्हती, म्हणून द्राक्षं, कुरमुरे, हरभरे आणि रंगीत कागदातल्या टॉफ्या. सुहासिनीनं त्याला पाटावर बसवून डोक्यावरून ते सगळं ओतलं आणि इमारतीतली मुलं ओरडत त्यावर तुटून पडली. तन्मय हलव्याचा मुकुट चाटत शांत बसला होता.

“अजून चालत नाही का गं?” कोणा एका बाईनं विचारलं. “माझा तर दहाव्या महिन्यात पळत होता. वैताग आणला होता नुसता.”

“मेरा भी,” दुसरी म्हणाली. “पकडून पकडून कंबर गेली.”

सुहासिनी हसली. “काकूंनी अजून काही सुचवलं नाही. म्हणजे तिकडेही नाहीच चालत.”

सगळ्यांनी विभावरीकडे पाहिलं. ती खाली वाकली आणि पाटाखाली गेलेल्या टॉफ्या वेचायला लागली. वाकलेल्या माणसाचा चेहरा दिसत नाही. बराच वेळ ती वेचत राहिली. एवढ्या टॉफ्या तिथे नव्हत्या.

फेब्रुवारीत, वाढदिवसाच्या आधी, नर्मदाबाई व्हिजिट व्हिसावर आल्या. उंच, हाडाच्या बाई. राजनचं सगळं बालपण त्यांच्या आवाजात होतं. त्या विभावरीचं घर बघायला वर आल्या, चटई बघितली, पाळणा हलवून बघितला आणि म्हणाल्या, “चांगलं ठेवलंत हो घर. पोराला काही कमी नाही केलंत.” मग खुर्चीत बसत, सुहासिनी शेजारी उभी असताना, त्यांनी जोडलं, “आमचा राजन नवव्या महिन्यात चालायचा. पण तेव्हा मी घरी होते.”

सुहासिनीनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. विभावरीनं ते पाहिलं. हे आपण केलं आहे, हे तिला दिसलं. त्या बाईच्या तोंडात हे वाक्य आपण ठेवलं आहे. आणि तरीही तिनं चहाचं विचारलं.

डॉक्टर म्हणाले होते, काळजीचं कारण नाही, दीड वर्षापर्यंतही मुलं चालतात. पण डॉक्टरांचं वाक्य घरापर्यंत टिकत नाही. वाढदिवसाच्या आठवड्यात, बुधवारी, सुहासिनी तन्मयला न्यायला आली आणि दारातच उभी राहिली, पहिल्या दिवशी राहिली होती तशी.

“काकू, मी नोकरी सोडतेय.”

“अगं!”

“शनिवारी सांगणार ऑफिसात. राजनशी बोललेय फोनवर. मूल दुसऱ्याकडे वाढलं की असं होतं, असं आई म्हणतात. तुम्हाला नाही हो बोलत मी. तुम्ही तर… तुमच्यामुळे तर निभावलं.” तिनं तन्मयच्या केसांत तोंड खुपसलं. “मीच कुठे तरी कमी पडले.”

विभावरीचं तोंड उघडलं. तन्मयनं आईच्या खांद्यावरून हात लांब करून विभावरीचा कान धरला. तिनं हळूच तो हात सोडवला.

“शुक्रवारी वाढदिवसाला मी लवकर येते,” ती म्हणाली. “मदतीला.”

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रकाश घरी जेवायला आला तेव्हा तिनं त्याला सगळं सांगितलं. तो भात कालवायचा थांबला.

“मग सांगून टाक ना. फाशी देणार आहेत का?”

“काय सांगू?”

“जे आहे ते. चालतो म्हणून.”

“ते विचारतील, का लपवलंत?”

“म्हण, राजनसाठी ठेवलं होतं राखून.”

“अहो, दोन महिने?”

प्रकाशनं थोडा विचार केला. “मग लोक म्हणतील, पैसे बुडतील म्हणून लपवलं. म्हणू देत. चार दिवस बोलतील आणि खलास.”

“पैशासाठी असतं तर बरं झालं असतं हो,” विभावरी म्हणाली.

पैशासाठी केलेल्या गोष्टीला माफी असते. लोकांना ती गोष्ट समजते, पैसे परत करता येतात. तिनं जे घेतलं होतं त्याला नाव नव्हतं. दुसऱ्या बाईच्या मुलाची पावलं तिनं दुपारच्या दुपारी एकटीनं, पडदे ओढून बघितली होती. जिन्यात उभं राहून हसावं लागलं होतं तिला एकदा. आणि इतक्या वर्षांनी तिनं तोच जिना दुसऱ्या एका बाईपुढे उभा केला होता. आणखी वाईट म्हणजे, त्या सगळ्या दुपारी ती सुखात होती. लाज वाटायची ती त्याची.

तिनं ठरवलं. शुक्रवारी पाहुण्यांच्या आधी जायचं, सुहासिनीला स्वयंपाकघरात बाजूला घ्यायचं आणि सांगायचं. शब्दही तिनं ठरवले. मग सकाळी उठून निनावं केलं. बेसन, नारळाचं दूध, गूळ. ओव्हनमध्ये वर खरपूस होईपर्यंत. तेवढं तरी हातांना येत होतं.

पण नर्मदाबाईंनी मुहूर्त बघून औक्षण अलीकडे घेतलं होतं. विभावरी पर्णिकाबरोबर दुसऱ्या मजल्यावर पोचली तेव्हा हॉल भरलेला होता. चपलांचा ढीग, फुगे, भिंतीला चिकटवलेली चांदीच्या कागदाची अक्षरं. केक अजून खोक्यात होता. राजनच्या हातात हँडीकॅम होता आणि त्याचा लाल दिवा लागलेला. तन्मयला नुकतंच ओवाळून पाटावरून उठवलं होतं. सुहासिनीनं त्याला फरशीवर उभं केलं होतं, पायात नवे वाळे. ती स्वतः थोड्या अंतरावर गुडघ्यांवर बसली होती. दोन्ही हात पुढे. शेवटचा प्रयत्न करावा तशी.

“ये, ये माझ्या राजा. ये ना रे.”

“तन्मय, लूक हिअर!” राजन कॅमेऱ्यामागून ओरडला.

तन्मय एक हात कोचाला लावून उभा होता. त्यानं आईकडे पाहिलं. मग दारात वाजलं म्हणून तिकडे पाहिलं. दारात विभावरी होती, हातात निनाव्याचं ताट.

त्यानं कोच सोडला. आईच्या पुढे केलेल्या हातांच्या बाजूनं वळून, फुग्याला चुकवून, चपलांच्या ढिगाशी क्षणभर थांबून आणि तो नीट ओलांडून, तो सरळ विभावरीकडे गेला. वाळे एका लयीत वाजत होते. एकदाही तो अडखळला नाही. तिच्याजवळ पोचल्यावर त्यानं तिच्या साडीच्या निऱ्या धरल्या आणि मान वर करून तो हसला. रोजच्यासारखा.

टाळ्या वाजल्या. दोन-तीनच. मग त्याही थांबल्या.

“अगं चालला!” जैनब म्हणाली, आणि मग तिनंच आपला आवाज खाली घेतला.

नर्मदाबाई देवघराच्या कोपऱ्यातून लगबगीनं आल्या होत्या. एका हातात ओल्या कुंकवाची वाटी, दुसऱ्या हातात कोरा रुमाल. त्या मध्येच थांबल्या. त्यांनी नातवाच्या पायांकडे पाहिलं.

“हे पहिलं नव्हे,” त्या म्हणाल्या.

“आई, आता कशाला…” राजन म्हणाला.

“अरे, पहिलं पाऊल टाकताना पोर पायाकडे बघतं. त्याला भीती असते. ह्यानं कुठे बघितलं? हे पोर रोज चालतंय.” त्यांनी वाटी टीपॉयवर ठेवली. “ठसा कशाचा घेऊ मी?”

सुहासिनी अजून गुडघ्यांवरच होती. हात खाली आले होते, पण ती उठली नव्हती. ती विभावरीकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर अजून राग नव्हता. एखादा हिशेब मनाशी मागे मागे नेऊन बघावा, तशी ती बघत होती.

राजनच आधी बोलला. त्यानं हँडीकॅम खाली घेतला, पण बंद करायचा विसरला. मोठ्यानं हसला.

“अरे, काकूंची सवय ठाऊक नाही का तुम्हाला? आमच्यासाठी राखून ठेवलं असणार. बर्थडे सरप्राइज! काय काकू? बरोबर ना? दर वेळी असंच करतात त्या. मला सगळं बघायला मिळालं ते ह्यांच्यामुळेच.”

हॉलमधून सुटल्यासारखा एक श्वास गेला. कुणी तरी हसलं. “काकू पण ना, एक नंबरच्या.” “तालीम करून घेतली हो, तालीम!” जैनबनं मान डोलावली. सगळे विभावरीकडे बघत होते, प्रेमानं, आणि तिनं फक्त मान हलवायची होती. तिचाच नियम तिच्यासमोर दार उघडून उभा होता. इतक्या वर्षांचं तिचं चांगुलपण त्या एका होकारात बसलं असतं, आणि नर्मदाबाईंनीसुद्धा वाटी पुन्हा उचलली असती.

“पण वॉकर?” सुहासिनी म्हणाली. अगदी हळू. बहुतेकांना ते ऐकूही गेलं नसेल. “वॉकर आण म्हणून तुम्हीच सांगितलंत ना काकू? परवा मी नोकरी सोडते म्हटलं… तेव्हाही…”

विभावरीनं पर्णिकाकडे पाहिलं. पर्णिका आईकडे बघत नव्हती. ती भिंतीवरच्या चांदीच्या अक्षरांकडे बघत होती, आणि तिचे कान लाल झाले होते.

स्वयंपाकघरात सांगायचे म्हणून ठरवलेले शब्द विभावरीला आठवले. ते एका माणसासाठी ठरवलेले होते. इथे कुठूनही सुरुवात केली तरी ते सबबीसारखे वाजले असते. तिनं मान हलवली नाही. ताट चपलांच्या कपाटावर ठेवलं. मग खाली वाकली. तन्मयनं निऱ्या घट्ट धरल्या होत्या. तिनं त्याचं एकेक बोट सोडवलं, त्याला उलटं वळवलं आणि त्याचं तोंड त्याच्या आईकडे केलं. पाठीवर क्षणभर हात ठेवला. तो तसाच उभा राहिला.

तिनं हात काढून घेतला. तन्मय वळला आणि पुन्हा तिच्याकडेच निघाला. वाळे वाजले, एकदा, दोनदा. विभावरी त्या आवाजाकडे न बघता सरळ झाली, चपला न घालताच उंबरा ओलांडून बाहेर पडली आणि जिना चढायला लागली.